ही रेघ कुणाची, दाजी?

प्रमोद,

तुझ्या दहाव्याला मी चुकून दुसऱ्याच माणसाच्या दहाव्यात जाऊन बसलो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतरी घरातलं कुणीतरी ते सांगत सुटणारच आहे. एरवी अशा गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं असतं, तेव्हा निदान ही तरी दुसऱ्याच्या हाती लागायला नको.

दौंडला भीमेच्या घाटावर त्या सकाळी दोन मांडव होते. तुझी आक्का आदल्या दिवशीच तुझ्या चुलतभावांकडं मुक्कामाला गेलेली. मी सकाळी शिक्रापूरहून एकटा निघालो, चौकातच ट्रकांच्या रांगेत अडकलो, आणि उशीर झाला म्हणून घाटावर जो पहिला मांडव दिसला त्यात वाकून शिरलो. चपला काढल्या, सतरंजीवर मागच्या बाजूला मांडी घातली. एका कार्यकर्त्यानं कानाशी येऊन नाव आणि गाव विचारलं, तेही सांगितलं. पुढं टेबलावर फोटो होता, पण त्याला इतके हार घातलेले की फक्त चष्मा दिसत होता. चष्मा तुझ्यासारखाच, काळ्या काड्यांचा.

माइकवर एक पुढारी बोलत होते. "मनमिळाऊ, हसतमुख, अडीनडीला धावून जाणारं, सगळ्यांना बरोबर घेऊन चालणारं एक व्यक्तिमत्त्व आज आपल्यातून हरपलं." मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, डोळ्यांच्या कडाही जरा ओल्या झाल्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग पुढारी म्हणाले, "त्यांच्या पश्चात दोन मुलं, सुना, नातवंडं असा मोठा परिवार…" तेव्हा कुठं मी दचकलो. तुझं तर लग्नच झालं नव्हतं.

उठावं की बसावं असा विचार करतोय तोवर माइकवरून माझं नाव आलं, आडनावासकट. "शिक्रापूरहून खास आलेले पाहुणे, यांच्या वतीनंही भावपूर्ण श्रद्धांजली." आपल्याकडं दहाव्याला कोण आलं ते मोठ्यानं वाचतात, आणि भोंगा नदीच्या पार पलीकडं ऐकू जाईल असा लावतात. लगेच खिशात फोन थरथरला.

"अहो, कुठं आहात तुम्ही?" तुझी आक्का. "भोंग्यातनं नाव ऐकू यायलंय, माणूस कुठं दिसंना."

"मांडवातच आहे की."

"कुणाच्या?"

मी उठलो. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं मला दुःख आवरेना. "सावरा, पाव्हणं," तो म्हणाला, "गेलेलं माणूस येत न्हाई." मी चपला शोधत बाहेर पडलो. त्याही माझ्या नव्हत्या, हे तुझ्या मांडवात पोहोचल्यावर कळलं. परत जायची हिंमत झाली नाही. अजून वापरतोय, जरा सैल होतात.

मला ओळखायला एवढा वेळ का लागला, याचा मी नंतर विचार केला. सुना-नातवंडं येईपर्यंत त्या भाषणात तू नाहीस असं म्हणावं, असं एक वाक्य नव्हतं. तू आहेस असं म्हणावं, असंही नव्हतं. त्यातून गंमत अशी की तू मनमिळाऊ नव्हतास. हसतमुख तर अजिबातच नव्हतास. तुझा हसरा फोटो शोधताना तुझ्या चुलतभावांना घाम फुटला, आणि शेवटी आधार कार्डावरचाच मोठा करून आणला. सगळ्यांना बरोबर घेऊन चालणं सोड, तुझ्याबरोबर शिक्रापूर ते खराडी गाडीत बसायला माझ्याशिवाय कुणी तयार नसायचं. तरीही मी मान डोलावली. कारण माझ्या खिशातल्या कागदावर, तुझ्यासाठी म्हणून मी जे दोन शब्द लिहून आणले होते, त्यातही "मनमिळाऊ" होतं आणि "हसतमुख" होतं.

तेव्हा, सैल चपलांवर उभा असताना, मला तुझा आवाज आला म्हणणार नाही. असले आवाज मला येत नाहीत. पण तू काय म्हणाला असतास ते माहीत होतं. "ही रेघ कुणाची, दाजी?"

*

हे इतरांना कळायचं तर आपला धंदा थोडा सांगायला हवा. तू कंटाळशील. तुला माझं सांगणं नेहमी एकतर लांब वाटायचं, नाहीतर चुकीचं.

आपण दोघं खराडीत एकाच ऑफिसात. तू चिपमधली सर्किटं काढायचास, मी त्या ऑफिसातल्या डिस्क सांभाळायचो. म्हणजे तू कारखानदार आणि मी गोदामाचा राखणदार. शिवाय मेव्हणा-दाजी. ऑफिसात ही नोकरी तुला मी लावली असं मी सगळीकडं सांगायचो, आणि तू सगळीकडं "इंटरव्ह्यू मी दिला होता" असं सांगायचास.

तुझ्या आक्कानं एकदा जेवायला वाढताना विचारलं होतं, "तू दिवसभर करतोस काय रे नेमकं?" मी घास थांबवून सविस्तर सांगायला सुरुवात केली, तसा तू मला हातानं थांबवलंस. "आक्का, पीठ तेच, तवा तोच, हात तुझाच. तरी सगळ्या भाकरी सारख्या फुगतात का?"

"न्हाई. एखादी मुकी ऱ्हाती."

"चिपचं तसंच हाय. सर्किट एकच, पण कारखान्यात बनताना प्रत्येक चिपमध्ये सगळं इवलंसं इकडंतिकडं होतं. म्हणून ती बनायच्या आधीच मी कॉम्प्युटरवर तेच सर्किट हजारदा चालवतो. दर वेळी पीठ जरा सैल, जाळ जरा कमी, असं मुद्दाम करून. मग बघतो किती फुगतात."

"आन् न फुगलेल्या?"

"त्या शोधायलाच तर पगार देतात."

"आपल्याकडं त्या तुझ्या दाजींना देतात," आक्का म्हणाली, आणि माझ्या ताटात खरोखरच एक मुकी भाकरी पडली.

आता माझी अडचण. तू हजारदा सर्किट चालवणार, आणि प्रत्येक वेळी आतल्या प्रत्येक तारेवर व्होल्टेज कसं चढलं, कसं उतरलं, त्याची रेघ साठवून ठेवणार. वेव्हफॉर्म म्हणतात तिला. एका खेपेची फाईल काही नाही. हजार खेपांच्या, सगळ्या तारांच्या, रोजच्या रोज, म्हणजे माझ्या डिस्कवर ऊस भरलेल्या ट्रॉल्या उभ्या केल्यासारखं. मी दर आठवड्याला सगळ्यांना मेल टाकायचो, कृपया जागा मोकळी करावी. खाली कुणी किती जागा अडवलीय त्याची नावं. पहिलं नाव कायम तुझं. लोक मला विचारायचे, हा तुमचाच ना? मी म्हणायचो, बायकोचा.

सकाळी नगर रोडला गाड्या तुंबल्या की आपला विषय हाच. पुढं ट्रक, मागं ट्रक, मध्ये आपण दोघं.

"अरे, रेघा कशाला ठेवतोस? आकडा ठेव. फुगली का नाही, किती वेळात फुगली. झालं."

"दाजी, आकडा तेवढंच सांगतो जेवढं आपण त्याला विचारलं. भाकरी फुगली, वेळेत फुगली, म्हणून आकड्यानं पास केली. पण मधी एकदा खाली बसून परत फुगली असंल तर? ते रेघेतच दिसतं."

"मग जी नापास होईल तिची तेवढी रेघ ठेव."

"ही पास झालेलीच आहे. तेच तर सांगतोय."

"बरं, मग सीड ठेव." सीड म्हणजे एक आकडा असतो. तो परत दिला की कॉम्प्युटर तीच खेप तशीच्या तशी पुन्हा घडवतो. हे माझं हुकमाचं पान. "लागेल तेव्हा परत चालव. रेघ परत मिळेल."

तू काचेबाहेर बघत म्हणायचास, "कारखान्यानं मॉडेल बदललं, तुम्ही सॉफ्टवेअरचं व्हर्जन बदललं, तरी तीच रेघ येईल, ग्यारंटी देता?"

मी ग्यारंटी देत नसे. मी हॉर्न देत असे.

मग मला युक्ती सुचली. ऑफिसात माझ्या नावावर जमा झालेली ती एकच. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. हजार रेघा घ्यायच्या, प्रत्येक क्षणाची सरासरी काढायची, आणि हजारांच्या जागी एकच रेघ साठवायची. सगळ्यांची मिळून एक. डिस्क मोकळीच मोकळी. रेघसुद्धा इतकी देखणी आली, कुठं खोच नाही, थरथर नाही, लग्नाच्या कार्डावरच्या वेलबुट्टीसारखी. मॅनेजरांनी पाठ थोपटली. मी ती तुझ्या स्क्रीनवर लावली आणि बाजूला उभा राहिलो.

तू चष्मा वर सारलास. बराच वेळ बघितलंस.

"ही रेघ कुणाची, दाजी?"

"सगळ्यांची."

"म्हंजी कुणाचीच न्हाई."

मग तू मला खुर्चीवर बसवलंस आणि खऱ्या रेघा एकावर एक लावून दाखवल्यास. प्रत्येक रेघ जिन्याच्या पायरीसारखी उभीच्या उभी चढत होती. फक्त एखादी क्षणभर आधी, एखादी क्षणभर नंतर. आणि त्यांच्या मधून माझी सरासरी टेकडीच्या उतारासारखी निवांत वर जात होती. "बघा," तू म्हणालास, "ह्यातलं एक तरी सर्किट एवढं सुस्त हाय का? एकही न्हाई. तुम्ही सगळ्यांना मिळून असं काहीतरी बनवलंय, जे कुणीच कधी केलेलं न्हाई." आणि मग, जरा थांबून, तुझ्या त्या न हसणाऱ्या चेहऱ्यानं, "घरी पण तुम्ही हेच करता."

मला झोंबलं. मी म्हणालो, "घरी काय करतो?"

"गोष्टी सांगता."

*

या मुद्द्यावर आपलं कधीच मिटलं नाही. लग्न असो, बारसं असो, जागरण-गोंधळ असो, जेवणं झाली की मला गोष्ट सांगायला बसवतात, हे तुलाही मान्य करावं लागेल. आणि मी गोष्ट सांगायला लागलो की भिंतीला टेकून तू असायचासच. ऐन रंगात आलो की तिकडून बारीक आवाज. "दाजी, तसं झालं न्हवतं." सासऱ्यांच्या म्हशीची गोष्ट असो, नाहीतर माझ्या वरातीत बंद पडलेल्या जीपची. "जीप बंद पडली न्हवती. डिझेल संपलं होतं. तुम्ही भरलं न्हवतं." लोक मग तुला हसायचे. मला वाटायचं मला हसतायत. दोन्हीही असेल.

मी तुला समजवायचो, की बाबा, गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की ती आपोआप गुळगुळीत होते, लोकांना तशीच आवडते. तू म्हणायचास, "आवडू दे. पण मग ती झालेली गोष्ट न्हाई." आणि उठून चहा करायला जायचास. चहा मात्र सगळ्यांना आणायचास.

सगळ्यात जास्त मागणी मांडवगण फराट्याच्या गोष्टीला. आक्का आणि मी तुला बघायला घेऊन गेलो त्या गोष्टीला. म्हणजे मुलगी बघायला. पण खरं बघणं तुझंच होतं. मोठं बागायतदार घर. ओसरीवर मुलीचे मामा, पांढरीशुभ्र टोपी, पायात करकरीत जोडा. मी तुझी ओळख करून द्यायला घेतली आणि जरा चढवूनच दिली. मुलगा शांत, निर्व्यसनी, मनमिळाऊ, मोठ्या कंपनीत, स्वयंपाकसुद्धा येतो. तेवढ्यात तू. "दाजी, तसं न्हाई. मामा, मला राग लवकर येतो. चहा सारखा लागतो. आन् स्वयंपाक म्हंजी मॅगी." यावर मामा बशी खाली ठेवून ताडकन उठले. पोह्यांच्या ताटल्या तशाच राहिल्या. आपण गुपचूप गाडीत बसलो, त्या दिवशी तूही मागं आक्काशेजारी, आणि गाव मागं पडल्यावर तू पाठीमागून म्हणालास, "दाजी, निदान पोहे तरी खाऊ द्यायचे होते."

इथं हमखास हशा. गेली कित्येक वर्षं. पुन्हा कुठं स्थळ बघायला तू आला नाहीस, हेही मी शेवटी जोडायचो, आणि त्यालाही लोक हसायचे.

पण एक होतं. या गोष्टीतही तू "तसं झालं न्हवतं" म्हणायचास. मी विचारायचो, "मग कसं झालं? सांग तू." बाकी सगळ्या गोष्टींत तू लगेच सांगायचास, तारीख-वारासकट. या एकीत फक्त म्हणायचास, "ऱ्हाऊ दे." आणि चहाला जायचास. मला वाटायचं, हरलास.

*

आता तुझ्या फोल्डरचं. माणूस गेला, नोकरी सोडून असो की असा, की त्याची जागा ठरलेल्या मुदतीत मोकळी करायची असा ऑफिसचा नियम आहे, आणि तो लिहिणारा मीच. दहाव्याच्या दोन दिवस आधी ते काम माझ्यासमोर आलं. घाबरू नकोस, मी काही तुझं खासगी वाचलं नाही. खासगी काही नव्हतंच. रेघाच रेघा होत्या. घरी आल्यावर आक्कानं विचारलं, "त्याचं काय काय आहे तिथं?" मी म्हटलं, "लोकांना काही कळेल असं काही नाही." ती म्हणाली, "तुम्हाला कळेल ना?" आणि पोळीचं पीठ मळायला लागली. ती रडलेली मी अजून पाहिली नाही. मी समोर असलो की ती पीठ मळते. आठवडाभर आम्ही पोळ्याच खातोय.

शेवटी मी तुझाच नियम लावला. तुला आठवत असेल, माझी सरासरी तू हाणून पाडलीस तेव्हा आपली एक तडजोड झाली होती. विचित्र रेघा सगळ्या ठेवायच्या. आणि बाकीच्यांतल्या काही, डोळे झाकून उचललेल्या, साध्या, ज्यांत काहीच झालेलं नाही अशा. मी कुरकुरलो होतो. "साध्या कशाला? त्यात बघायचं काय?" तू म्हणालास, "साधी जवळ नसंल तर विचित्र कशावरून विचित्र, कळणार कसं?" तेवढ्या ठेवल्या. बाकीच्या गेल्या. बटण दाबताना काही वाटलं का? डिस्क मोकळी झाल्याची पट्टी हिरवी झाली, आणि सवयीनं मला बरं वाटलं. मग ते बरं वाटल्याचं जरा वाईट वाटलं. एवढंच.

माणसांचंही तसंच ठेवावं म्हणून बघितलं. तुझ्या विचित्र रेघा माझ्याकडं भरपूर आहेत. तू टोलवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून नव्हे, त्याच्या पाटीवरच्या चुकीच्या बाणावरून भांडलास ती. माझ्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना मशीनच्या पडद्यावरची रेघ समजावायला निघालास, आणि नर्सनं तुला बाहेर काढलं ती. पण साधी एखादी आठवायला गेलो तर पंचाईत. साधं कुणी लक्षात ठेवत नाही. बरंच चाचपल्यावर एक सापडली. शिक्रापूरच्या चौकात आपण अडकलोय. तू पेरू खातोयस, तिखटमीठ लावलेला. अर्धा मला दिलास. पुढच्या ट्रकच्या मागं कुणाचा तरी ओला टॉवेल वाळत घातलाय. आपण दोघं त्या टॉवेलाकडं बघतोय. कुणी काही बोलत नाही. मग गाड्या हलल्या. बस. यात काहीच नाही, आणि ही मी कुणाला सांगूही शकत नाही, कारण हिला शेवट नाही. ती ठेवलीय.

एक मात्र खरं, की सीडचं माझं हुकमाचं पान इथं चालत नाही. तू म्हणायचास तेच बरोबर होतं. आणि हे मी ट्रॅफिकमध्ये कधी कबूल केलं नसतं, म्हणून इथं लिहितोय.

*

तर दहाव्याकडं परत येतो. तुझ्या मांडवात पोहोचलो तेव्हा आक्का बायकांमध्ये बसलेली होती. तिनं माझ्या पायांकडं बघितलं, चपला बघितल्या. मी पुढं जायला लागलो तशी पदर सारखा करत हळूच म्हणाली, "बोला तुम्ही. पण त्याला सगळ्यांसारखा करू नका."

माझ्या आधी दोघं बोलले होते. त्यातले एक पलीकडच्या मांडवातलेच पुढारी, घाईघाईनं इकडं आलेले. तूही हसतमुख झालास, मनमिळाऊ झालास. नातवंडांपर्यंत ते आले नाहीत, कुणीतरी आधीच कानात सांगितलं असावं.

मग मी उभा राहिलो. कागद खिशातच ठेवला. म्हणालो, आमचा प्रमोद हसतमुख नव्हता. पुढच्या रांगेतले आप्पा, तुझे थोरले चुलते, दचकून वर बघायला लागले. मी म्हणालो, त्याला राग लवकर यायचा, आणि तो बरोबर ठिकाणी यायचा. मग भाकरीचं सांगितलं. सरासरीचं सांगितलं, माझी कशी फजिती केलीस ते. घाटावरच्या लोकांना चिपमधलं काय कळणार असं मला वाटलं होतं, पण बायका भाकरीला हसल्या, आणि "कुणाचीच न्हाई"ला मागून कुणीतरी "व्हय व्हय" म्हणालं. मला जोर चढला. मला जोर चढला की काय होतं तुला माहीत आहे. मी मांडवगणची गोष्ट सांगितली. मामा ताडकन उठले, पोहे राहिले, आणि तुझं ते शेवटचं वाक्य. दहाव्याच्या मांडवात लोक तोंडाला रुमाल लावून हसले. मी भिंतीकडं बघितलं. म्हणजे मांडवाच्या कनातीकडं. तिकडून काही आवाज आला नाही. गोष्ट पहिल्यांदाच न अडखळता पार पडली, आणि मला ती अजिबात आवडली नाही.

खाली आल्यावर आप्पांनी मला कोपऱ्यात घेतलं. "जावईबापू, दहाव्याला असलं बोलत्यात व्हय? दोन शब्द चांगलं बोलायचं सोडून?"

मी म्हणालो, "आप्पा, चांगलंच बोललो की."

"राग यायचा म्हणला तुम्ही."

"मग? येत नव्हता?"

आप्पांनी उपरण्यानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "माझ्यावर तर लय यायचा," म्हणाले, आणि जेवणाच्या पंगतीकडं निघून गेले.

दुपारी आम्ही दोघं निघालो. आक्का पुढं, माझ्या शेजारी. एरवी ती मागं बसायची आणि पुढं तू, म्हणून ती बसली तेव्हा तिला सीट जरा पुढं घ्यावी लागली. चौफुल्यावरून आत वळलो. भीमेचा पूल गेला. दोन्ही बाजूंना ऊस. गप्प बसायची मला सवय नाही, म्हणून मीच म्हणालो, "लोकांना आवडलं म्हणायचं."

ती बाहेर बघत होती.

"मांडवगणचं तर फारच. आप्पासुद्धा जरासं हसले, मी बघितलं."

"तसं झालं नव्हतं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझी एकही गोष्ट मध्ये तोडलेली नाही. ते खातं तुझ्याकडं होतं. मी गाडी हळू केली. न्हावरं जवळ आलं होतं. मांडवगणहून त्या दिवशी आपण याच गावावरून परतलो होतो.

"पोहे खाल्ले होते आपण," ती म्हणाली. "त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतले होते. मामा काय ताडकन उठले नव्हते, त्यांना फोन आला होता. आणि गाडीत ते पोह्यांचं वाक्य तो बोललाच नाही. ते तुम्ही मागाहून गोष्टीत घातलंत. तुम्ही पुढं गाडी चालवत बोलतच होतात, म्हणून तो खरं काय बोलला ते तुम्हाला ऐकू आलं नाही. तो रागाचं खरं बोलला ना, तेव्हा ती पोरगी दाराआड हसली होती, वाईट नाही, चांगलं हसली होती. त्यानं बघितलं होतं ते. न्हावरं येईस्तोवर मागं माझ्याजवळ सरकून त्यानं दोनदा विचारलं, 'आक्का, होकार येईल का गं?'"